भुकेचा स्वभाव आणि माणसाचा स्वभाव

"आमची मुलगी अशी नव्हती हो." खाण्याच्या विकाराने आजारी पडलेल्या मुलीला घेऊन आईवडील डॉक्टरांसमोर बसले, की हे वाक्य बहुतेकदा येतंच. हसरी होती, घरभर बडबड असायची, आता दार लावून बसते. ताटावरून भांडण, न जेवता जेवले म्हणून सांगणं, कुणी घरी आलं की नजर चुकवणं. आणि त्याच बैठकीत दहा मिनिटांनी तीच आई म्हणते, "तशी ती लहानपणापासून फार काटेकोर. वहीत एक अक्षर वाकडं आलं तरी अख्खं पान फाडून पुन्हा लिहायची."

पहिलं वाक्य म्हणतं, आजारामुळे स्वभाव बदलला. दुसरं म्हणतं, स्वभावातूनच आजार आला. दोन्ही खरी असतात आणि दोन्हींचा गुंता झालेला असतो. मुलगी रुग्णालयात राहते, काही आठवडे किंवा काही महिने तिच्यावर मानसोपचार होतात आणि ती 'वेगळी' होऊन घरी येते. तेव्हा नेमकं काय बदललं हे कळायचं तर हा गुंता थोडा सोडवावा लागतो. 'स्वभावाला औषध नाही' असं आपण सहज म्हणून जातो. या आजारांच्या बाबतीत मला ते वाक्य धोक्याचं वाटतं, कारण ते मनात घेऊन बसलेल्या घरात उपचारांवर कुणाचाच भरवसा राहत नाही.

आजारांची ओळख थोडक्यात करून देऊन पुढे जातो. ॲनोरेक्सिया नर्व्होसात माणूस खाणं इतकं कमी करतो की शरीर झिजत जातं, आणि तरीही वजन वाढण्याची भीती किंवा खाण्याला असलेला विरोध सुटत नाही. हे नाव लंडनच्या सर विल्यम गल यांनी १८७३ साली दिलं, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनीही अशाच रुग्णांचं वर्णन केलं. बुलिमियात भरमसाट खाण्याचे झटके येतात, मग वजन वाढू नये म्हणून ते खाणं 'भरून काढण्याची' धडपड सुरू होते. त्याचं पहिलं नीट वर्णन जेराल्ड रसेल यांनी लंडनमध्येच १९७९ साली केलं. झटके येतात पण भरपाईची धडपड नसते, अशा बिंज इटिंगला अमेरिकेच्या निदान-पुस्तिकेत स्वतंत्र आजाराची जागा मिळाली ती २०१३ साली. लेखात सोयीसाठी 'ती' म्हटलं आहे, पण मुलगे आणि पुरुषही यातून सुटलेले नाहीत. आणि हे लाडांचे चोचले नव्हेत. २०११ साली ३६ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ॲनोरेक्सियाच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या जवळजवळ सहापट निघालं. दगावलेल्यांपैकी पाचात एक आत्महत्येने गेली होती.

आता मूळ प्रश्नाकडे.

मिनेसोटातले छत्तीस तरुण

नोव्हेंबर १९४४. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं आणि युरोपात लाखो लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने त्यासाठी एक प्रयोग उभा केला. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या पोटातल्या खोल्यांमध्ये ३६ तरुण राहायला आले. तत्त्व म्हणून हातात शस्त्र घ्यायला नकार दिलेले हे लोक होते आणि स्वतःहून आले होते. कित्येक इच्छुकांमधून शरीराने आणि मनाने सर्वांत धडधाकट म्हणून त्यांची निवड झाली होती. पहिले १२ आठवडे नेहमीचं जेवण, मग २४ आठवडे अर्धपोटी, मग सावरण्याचा काळ.

अर्धपोटी म्हणजे किती उष्मांक, ते आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. हा लेख ज्यांच्या घरापर्यंत पोहोचावा असं वाटतं, त्यांच्यातलंच कुणीतरी त्या आकड्याशी स्वतःच्या ताटाची तुलना करत बसेल. एवढंच सांगतो की उपासमारीच्या काळात युरोपात मिळायचं तसं जेवण होतं: बटाटे, सलगम, कोबी, पाव. आणि शरीराचं सुमारे चतुर्थांश वजन उतरेल असं ते मोजून दिलेलं होतं.

वजन उतरलंच. पण खरं बघण्यासारखं होतं ते मनाचं. या तरुणांना पाककृतींच्या पुस्तकांचं वेड लागलं. कधी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेले पुरुष रात्री झोपताना पाककृती वाचू लागले. ताटातलं अन्न बारीक बारीक करून तास-तासभर पुरवायचं, कुणाचा हात ताटाकडे आला तर खेकसायचं. गप्पा आटल्या, विनोद संपले, मुलींबद्दलचं आकर्षण ओसरलं. कायम थंडी वाजायची. एकटं राहावंसं वाटायचं. जगाच्या भल्याचा विचार करणारी ही माणसं कुरकुरी, संशयी, उदास झाली. याच विद्यापीठात तयार झालेली एमएमपीआय नावाची व्यक्तिमत्त्व-चाचणी त्यांना वेळोवेळी दिली जात होती, आणि तिच्यातले नैराश्याचे, शरीराच्या चिंतेचे गुण चढत गेले. एकाने कुऱ्हाडीने स्वतःच्या हाताची तीन बोटं तोडली. ते जाणूनबुजून केलं की चुकून झालं, हे त्याला स्वतःलाच पुढेही ठामपणे सांगता आलं नाही.

यातल्या एकालाही खाण्याचा विकार नव्हता. आरशात आपण जाड दिसतो असं कुणाला वाटत नव्हतं. बालपणीची जखम नव्हती, आईशी बिनसलेलं नव्हतं. होती ती भूक.

मुलीच्या आईने सांगितलेलं आठवा: ताटावरून भांडण, एकलकोंडेपणा, चिडचिड, सगळा दिवस अन्नाच्याच विचारात. यातलं बरंचसं मिनेसोटातल्या धडधाकट पुरुषांमध्येही उगवलं होतं. म्हणजे ज्याला आपण 'हिचा आता हा स्वभावच झालाय' म्हणतो, त्याचा एक मोठा थर भुकेने चढवलेला असतो. भुकेलेल्या मेंदूची रचनासुद्धा बदलते. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांचे स्कॅन काढले तर मेंदूतला करडा भाग कमी झालेला दिसतो आणि वजन सावरलं की तो बराचसा भरून येतो.

म्हणूनच दाखल करून होणाऱ्या उपचारांत पहिलं औषध म्हणजे जेवण. तेही घाईने नाही. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फेट झपकन खाली येतं आणि हृदय दगा देऊ शकतं. म्हणून सुरुवातीला रक्ताच्या तपासण्या करत, मोजूनमापून वाढवत नेतात. घरी "आता रोज दोन लाडू खा, होशील बरी" असं करणं अशा मुलीच्या बाबतीत जिवावर बेतू शकतं. हे माहीत नसलेली प्रेमळ माणसं आपल्याकडे घराघरात आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

स्वभाव मोजायचा कसा

थर्मामीटर लावून स्वभाव मोजता येत नाही. प्रश्नावली असतात. "अनोळखी लोकांमध्ये मी लवकर दमते", "काम पूर्ण झाल्याशिवाय मला चैन पडत नाही", अशा प्रकारच्या वाक्यांवर हो किंवा नाही म्हणायचं, आणि उत्तरांच्या बेरजेतून चित्र उभं करायचं.

खाण्याच्या विकारांच्या संशोधनात एक प्रश्नावली फार वापरली गेली. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट क्लोनिंजर यांनी १९९३ साली तिच्यामागचा विचार मांडला. त्यांच्या मते व्यक्तिमत्त्वाला दोन पदर असतात. एक घडण: आपण जन्मतःच घेऊन येतो ती. नव्याची ओढ किती, धोका टाळण्याची वृत्ती किती, इतरांच्या शाबासकीची गरज किती, चिकाटी किती. दुसरा पदर चारित्र्याचा, जो जगताना विणला जातो. त्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपल्या आयुष्याचा लगाम आपल्या हातात आहे ही जाणीव, आणि तिच्या जोडीला दुसऱ्यांशी मिळून राहणं आणि स्वतःपलीकडे पाहणं.

या मापाने पाहिलं तर खाण्याच्या विकारांच्या रुग्णांमध्ये एक खूण पुन्हा पुन्हा सापडते. धोका टाळण्याची वृत्ती उंच, आणि आयुष्याचा लगाम हातात असल्याची जाणीव खूप कमी. ॲनोरेक्सियात त्याला जोडून जबरदस्त चिकाटी. बुलिमियात नव्याची ओढ आणि उतावीळपणा जास्त. दुसरी एक पद्धत पाच मोठ्या गुणांची आहे: चिंताळूपणा, बहिर्मुखता, नव्याला खुलं असणं, जुळवून घेणं आणि शिस्त. तिथेही चिंताळूपणाचे गुण चढलेले आणि बहिर्मुखतेचे उतरलेले असतात.

उपचारांनंतर हीच प्रश्नावली पुन्हा दिली तर? इटलीत गार्डा सरोवराकाठी व्हिला गार्डा नावाचं रुग्णालय आहे. तिथे रिकार्डो दाल्ले ग्रावे यांनी बसवलेला २० आठवड्यांचा कार्यक्रम चालतो: १३ आठवडे मुक्कामी, पुढचे ७ आठवडे दिवसभर रुग्णालयात आणि रात्री बाहेर. त्यांच्या गटाने २००७ साली उपचारांआधीचे आणि नंतरचे गुण ताडून पाहिले, तेव्हा जन्मजात समजल्या जाणाऱ्या पदरातही फरक दिसला. नॉर्वेत व्हिकरसुंडजवळच्या मोदुम बाद इथल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं आजारी असलेल्या प्रौढ रुग्णांचा दाखल झाल्यापासून दोन वर्षं पाठपुरावा केला. सुरुवातीला ज्यांच्यावर 'व्यक्तिमत्त्वाचा विकार' असा शिक्का बसला होता, त्यांतल्या पुष्कळ जणांच्या बाबतीत तो पुढे टिकला नाही. इतर ठिकाणच्या अभ्यासांचा कलही साधारण असाच आहे: धोक्याची भीती थोडी उतरते आणि लगाम हातात असल्याची जाणीव वाढते.

फक्त खाण्याच्या विकारांचीच ही गोष्ट नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली २०७ अभ्यास एकत्र तपासले. प्रश्न साधा होता: उपचारांनी स्वभावगुण हलतात का? हलतात, आणि तेही सरासरी २४ आठवड्यांत. सर्वांत जास्त हलला तो चिंताळूपणा, त्याच्यामागून बहिर्मुखता. उपचार संपल्यावरही बदल बऱ्यापैकी टिकून होता. स्वभाव दगडात कोरलेला असतो असं मानणाऱ्या शास्त्राला हा मोठाच धक्का होता.

पण इथे थांबून स्वतःलाच अवघड प्रश्न विचारायला हवेत.

रुग्ण दाखल होते ती सर्वांत वाईट दिवसांत. त्या दिवशी भरलेली प्रश्नावली म्हणजे पुराच्या दिवशी मोजलेली नदी. पूर ओसरल्यावर पाणी उतरलेलं दिसणारच, त्याचं सगळं श्रेय बांधाला देता येत नाही. दुसरं म्हणजे निराश माणूस स्वतःबद्दल वाईटच लिहितो. नैराश्य उतरलं की तीच व्यक्ती त्याच वाक्यांना वेगळी उत्तरं देते. मग बदललं काय, स्वभाव की मनाची तात्पुरती अवस्था? तिसरं, बहुतेक रुग्ण वयाच्या अशा टप्प्यावर असतात जिथे स्वभाव एरवीही बदलतच असतो. सोळा ते पंचवीस या काळात कुठल्याही उपचारांशिवाय माणसं हळूहळू स्थिर आणि जबाबदार होतात. आणि उपचार न मिळालेला तुलनेचा गट या अभ्यासांमध्ये बहुधा नसतो, कारण इतक्या आजारी माणसाला उपचारांवाचून ठेवणं अमानुष होईल.

म्हणून "रुग्णालयातल्या मानसोपचारांनी व्यक्तिमत्त्व बदलतं" हे वाक्य मी तसंच्या तसं स्वीकारत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तीन थर आहेत. वरचा भुकेचा, जो पोटभर अन्न आणि वेळ मिळाली की उतरतो. मधला आजाराने शिकवलेल्या सवयींचा: लपवणं, टाळणं, सगळ्या भावना ताटावर आणून सोडवणं. मानसोपचार खरं काम करतात ते इथे. आणि तळाला ती वही फाडणारी मुलगी.

वही फाडणारी मुलगी

तळाचा थर राहतो. बरं होऊन वर्ष उलटून गेलेल्या, वजन आणि खाणं सुरळीत झालेल्या स्त्रियांचा अभ्यास झाला तेव्हाही निर्दोषपणाचा आग्रह, मांडणी आणि नेमकेपणाची ओढ, धोका टाळण्याची वृत्ती हे सगळं आजारी न पडलेल्या स्त्रियांपेक्षा जास्तच निघालं. आजारात होतं त्याहून कमी, पण होतं. आणि आजार सुरू होण्याच्या कितीतरी आधी, लहानपणीच हे गुण दिसत होते असंही रुग्णांच्या आठवणींमधून पुढे आलं आहे. याला आनुवंशिक बाजू आहे. २०१९ साली जवळपास १७ हजार ॲनोरेक्सिया रुग्णांच्या जनुकीय तपासणीतून या आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या, आणि त्यांचा संबंध मनाबरोबर शरीराच्या चयापचयाशीही निघाला. "माझंच काहीतरी चुकलं" असं म्हणत रात्र-रात्र जागणाऱ्या आईने हे वाक्य दोनदा वाचावं असं मला वाटतं.

पण गुण एकच असला तरी सगळ्या रुग्ण एकसारख्या नसतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ड्र्यू वेस्टन आणि त्यांच्या सहकारी यांनी २००१ साली दाखवलं की एकाच निदानाखाली साधारण तीन तऱ्हेची माणसं असतात. काही हुशार, कर्तबगार, स्वतःवर कठोर. काही सगळंच आवळून धरलेली: भूकही, रागही, आनंदही. आणि काही जिथे भावनांचा बांध सतत फुटतो अशी. दुसऱ्या प्रकारच्या मुलीला "स्वतःवर ताबा ठेवायला शीक" असं सांगणं म्हणजे आगीत तेल. तिला सैल व्हायला शिकायचं असतं. तिसऱ्या प्रकारच्या मुलीला भावनांची लाट अंगावर येत असताना तिच्यावर तरंगून कसं राहायचं ते शिकवावं लागतं. त्यामुळे प्रश्नावलीवर 'शिस्त' कमी झाली तर ती एकीसाठी घसरण असेल आणि दुसरीसाठी मोठी सुधारणा. नुसता आकडा वाचून काही कळत नाही.

आता रुग्णालयात होतं काय, ते सांगतो. परदेशातल्या खास केंद्रांमध्ये, उदाहरणार्थ जर्मनीत जिथे मुक्कामी मानसोपचारांची जुनी परंपरा आहे, दिवस ठरलेला असतो. जेवणाच्या वेळा पक्क्या, जेवताना सोबत प्रशिक्षित माणूस, जेवणानंतर काही वेळ एकटं सोडायचं नाही. मधल्या वेळात एकेकटीशी बैठक, मग गटाची, आठवड्यातून कधीतरी कुटुंबाची. सुरुवातीचे आठवडे बोलण्यातून फारसं काही हाती लागत नाही, कारण भुकेला मेंदू एकाच गोष्टीभोवती फिरत असतो. वजन थोडं सावरलं की मग खरा संवाद सुरू होतो.

गटाची बैठक मला यात सर्वांत मोलाची वाटते. समजा, एक सतरा वर्षांची मुलगी आहे. आयुष्यभर तिने कुणाला नाही म्हटलेलं नाही. गटात दुसरी एखादी तिला म्हणते, "तू नेहमी माझ्या बाजूने बोलतेस, पण तुला काय वाटतं ते कधी कळतच नाही." ती गप्प होते. दोन आठवड्यांनी धीर करून म्हणते, "काल तू मला मध्येच तोडलंस, मला आवडलं नाही." आणि आकाश कोसळत नाही. समोरची म्हणते, "बरं झालं सांगितलंस." राग व्यक्त करूनही माणूस आपल्याला टाकत नाही, हा अनुभव तिला कदाचित पहिल्यांदाच मिळतो. असे पन्नास छोटे अनुभव साठले की प्रश्नावलीवरचा 'लगाम आपल्या हातात' हा आकडा वर सरकतो. त्या आकड्यामागे एवढं सगळं असतं.

हिल्डे ब्रुख या मनोविकारतज्ज्ञ जर्मनीतून अमेरिकेत गेल्या आणि पुढे ह्यूस्टनमध्ये त्यांनी अनेक वर्षं अशा मुलींवर उपचार केले. १९६२ सालीच त्यांनी लिहिलं होतं की या आजाराच्या मुळाशी तीन गोष्टी असतात: स्वतःच्या शरीराचं चुकीचं चित्र, भूक किंवा भावना यांसारखे आतून येणारे इशारे न ओळखता येणं, आणि आपल्या हातून काहीच होऊ शकत नाही अशी खोल जाणीव. त्यांच्याकडे येणाऱ्या मुली लहानपणी कशा होत्या? आदर्श. कधी त्रास न देणाऱ्या, सांगितलं ते ऐकणाऱ्या. आईवडिलांना अभिमान वाटावा अशा.

हे वाचताना मराठी घरांतला एक शब्द माझ्या मनातून जात नाही: समजूतदार. "आमची मोठी फार समजूतदार हो, कधी हट्ट म्हणून केला नाही." केवढं कौतुक असतं त्या वाक्यात. बहुतेक समजूतदार मुली छानच असतात, त्यांना काही होत नाही. पण ज्या मुलीला हट्ट करताच येत नाही, तिला 'मला हे नको' म्हणायला उरलेली शेवटची जागा कधी कधी ताट असते.

म्हणून उपचारांनंतर घरी आलेली मुलगी उलट बोलू लागली तर घाबरू नका. दार आपटेल. "मला आज मावशीकडे यायचं नाही" म्हणेल. सायन्सला घातलेलं असेल तर कदाचित म्हणेल, मला हे शिकायचंच नव्हतं. घरच्यांना वाटतं, रुग्णालयात जाऊन बिघडली. प्रश्नावलीच्या भाषेत हीच सुधारणा असू शकते. नाराजी तोंडातून बाहेर यायला लागली, की ताटावर उतरण्याची तिला तितकीशी गरज उरत नाही.

आणि ती वही फाडणारी? तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही, असं आता अनेक तज्ज्ञ म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या शाखेत वॉल्टर के यांनी या घडणीच्या मेंदूतल्या मुळांचा दीर्घ काळ अभ्यास केला. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या विचारातून पुढे एक उपचारपद्धती आली, जी जन्मजात घडणीला पुसायला जात नाही, तिला कामाला लावते. काटेकोर मुलीला सांगायचं की जेवणाचं वेळापत्रकही तितक्याच काटेकोरपणे पाळ. अनिश्चितता सहन होत नाही ना, मग उद्याच्या जेवणाचा बेत आजच ठरवून टाकू. घरातला एखादा मोठा माणूसही या प्रशिक्षणात बसतो, कारण बऱ्याचदा तीच घडण आईत, वडिलांत किंवा मामात असते आणि त्याने तिचा उपयोग करून आयुष्य छान उभं केलेलं असतं. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात केट चांतुरिया यांनी विचारांतला ताठरपणा सैल करणारे छोटे छोटे व्यायाम वापरात आणले. त्यात अन्नाचा विषयही निघत नाही. नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्याने घरी जाणं, असल्या साध्या गोष्टी असतात.

रुग्णालयाच्या भिंतीबाहेर

मुक्कामी उपचार म्हणजे सर्वांत चांगले उपचार, असा समज करून घेऊ नये. जर्मनीत १७२ किशोरवयीन रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तीन आठवडे दाखल ठेवल्यावर निम्म्या मुलींना तसंच मुक्कामी ठेवलं आणि निम्म्यांना दिवसभर उपचार देऊन रात्री घरी पाठवलं. वर्षाच्या शेवटी घरी जाणाऱ्या मुली कुठेही मागे नव्हत्या. जीव धोक्यात असेल, वजन वेगाने उतरत असेल, आत्महत्येचे विचार असतील, तेव्हा दाखल करणं अटळ. त्यानंतर मात्र बदल रुजायला घराचीच माती लागते.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. खाण्याच्या विकारांसाठी मुद्दाम चालवलेले मुक्कामी विभाग महाराष्ट्रात शोधावे लागतात. बहुतेकदा अशा मुली आधी पोटाच्या डॉक्टरांकडे, मग पाळी बंद झाली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, आणि फार उशिरा मनोविकारतज्ज्ञांकडे पोहोचतात. दिल्लीच्या एम्समधून १९९५ साली पाच तरुण भारतीय रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली होती. त्या अन्न टाकत होत्या, वजन घटलं होतं, पण 'मी जाड आहे' ही पाश्चात्त्य पुस्तकांत ठळक असणारी भीती त्यांच्यात तशी दिसत नव्हती. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनाही असेच रुग्ण भेटले होते. "जेवण जात नाही", "पोट फुगल्यासारखं वाटतं", "उपास आहे" असं म्हणणारी मुलगी आपल्या घरात कुणाला आजारी वाटतच नाही. आणि परदेशी प्रश्नावलीचं नुसतं भाषांतर करून दिलं तर तिचं दुःख त्या रकान्यांत मावेलच असं नाही.

दोन कामाच्या गोष्टी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांवर मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण देण्याचं बंधन घातलं आहे, तेव्हा दाखल करताना पॉलिसीची चौकशी जरूर करा. आणि कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलते.

आईवडिलांचा शेवटचा प्रश्न बहुधा एकच असतो: "आमची पहिली मुलगी परत कधी मिळेल?" डिस्चार्जच्या दिवशी भरलेली प्रश्नावली त्याचं उत्तर देऊ शकत नाही. मिनेसोटातल्या त्या छत्तीस जणांपैकी १८ जणांना संशोधकांनी २००३-०४ साली, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनी पुन्हा गाठलं. तोवर सगळे ऐंशीच्या घरात पोहोचले होते. पूर्ण सावरायला किती काळ लागला, असं विचारल्यावर कुणी दोन महिने सांगितलं, कुणी दोन वर्षं. हे आधी पूर्णपणे निरोगी असलेल्या, जेमतेम सहा महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसांचं. तुमची मुलगी कदाचित तीन-चार वर्षं उपाशी होती. घरी आल्यावर पहिले काही महिने ती अजून थोडी भुकेच्याच भाषेत बोलेल. तिच्याशी जेवणाच्या वेळा सांभाळून आणि जेवणाखेरीज इतर गोष्टींबद्दल बोलत राहा. ती पुन्हा पान फाडायला लागली, तर दुसरं पान द्या, आणि शेजारी बसा.